कमळांचा कोपरा

"दसारामजी, ऊन बघा कसं स्वच्छ पडलंय. असा दिवस पुन्हा मिळायचा नाही," मोहरील साहेब दारातूनच म्हणाले.

माझे बाबा खाटेवर कुडकुडत पडले होते. हिवताप होता. अंगावर दोन गोधड्या आणि वर माझी जुनी साडी घातली होती, तरी दात वाजत होते. साहेब आत आले, वाकून त्यांनी बाबांच्या कपाळावर हात ठेवला आणि आपल्या पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून माझ्याकडे दिलं.

"काही खाल्ल्यावरच दे हं. रिकाम्या पोटी नको."

वाईट माणूस नव्हता तो. हे मी अजूनही म्हणते. नागपूरला त्यांचं दुकान होतं, आणि पाखरांचे फोटो काढायला ते दर पावसाळ्यात आमच्या तलावावर यायचे. बाबाच त्यांना डोंग्यातून, आपल्या लहान होडीतून, फिरवायचे.

"खेमू नेईन तुमाले," बाबा गोधडीतून म्हणाले. "पर साहेब, उगवतीच्या कोपऱ्यात डोंगा घालाचा नाही. दुरूनच पाहाचं. अंडी हायेत तिथं."

"अहो, मला का माहीत नाही?"

"खेमू, तू ऐकलं का?"

"ऐकलं ना, बाबा," खेमू म्हणाला. माझा धाकटा भाऊ. बारावी झालेला, गोरटेला, बोलण्यात हुशार. साहेबांनी आदल्या दिवशी दिलेली हिरवी टोपी घालून तो बांबू खांद्यावर टाकून उभाच होता. जाताना माझ्याकडे बघून त्याने टोपीला सलाम केल्यासारखा हात लावला. मला हसू आलं.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, जंगलाच्या कडेला. तलावाला सगळे सावरीचा बांध म्हणतात. आम्ही ढिवर, तलावात मासे धरायचे हेच पोट. त्या तलावात पूर्वी काठोकाठ पांढरी कमळं असायची म्हणे. शाळेच्या पुस्तकात त्यांना कुमुद म्हणतात, आम्ही कमळच म्हणायचो. संध्याकाळी उमलायची, सकाळी ऊन चढलं की मिटून जायची. मग गौरी-गणपतीला फुलं नेणारे व्यापारी येऊ लागले. जाळं अडकतं म्हणून आमच्याच लोकांनी वेल ओढून काठावर फेकले. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की बाया चिखलातून कमळाचे कांदे खणून आणायच्या आणि उकडून पोरांना द्यायच्या. असं करता करता उगवतीकडच्या उथळ कोपऱ्यातच काय ती कमळं उरली.

मासोळी कमी झाली तेव्हा सगळ्यांनी नशिबाला दोष दिला. बाबांनी दिला नाही. मच्छीमार सोसायटीच्या सभेत ते उभे राहिले. एरवी चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस.

"जिथून पान गेलं तिथलं पाणी उन्हाळ्यात तापते," ते म्हणाले. "पिल्लानं लपाव कुठं? आन वारा सुटला का लाट सरळ काठावर येते. पानं असली का ती तिथंच मरते. एवढा एक कोपरा सोडा. तोडू नका, खोदू नका, जाळं टाकू नका."

लोक हसले. सोसायटीचे अध्यक्ष उरकुडाजी म्हणाले, "दसाराम, फुलं खाऊन पोट भरते का?"

तेव्हा बायांमधून सुगरताकाकू उठली. "आमी नाही खोदत दोन साल," ती म्हणाली. "पाहू तरी काय होते ते." काकूनं म्हटलं की बाया ऐकायच्या, आणि बायांनी म्हटलं की गाव ऐकायचं. कोपरा राखला गेला.

दुसऱ्याच पावसाळ्यात पानांखाली मासोळीची पिल्लं अशी झाली की हात घातला तर बोटांना लागायची. कमळं कोपऱ्यातून बाहेर सरकू लागली. आणि कितीतरी वर्षांनी लांब शेपटीच्या कमळपक्ष्यांनी पानांवर घरटं केलं. पानांवरून चालणारं पाखरू ते, बोटं ही लांबलांब. मादी अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते. अंडी उबवायची, पिल्लं पंखाखाली घेऊन वाढवायची, ते सगळं एकटा नर करतो. बाबांनी हे बघून बघून ओळखलं होतं. माझी आई खेमू रांगत असतानाच घर सोडून बालाघाटकडे गेली होती, तिनं तिकडे दुसरं घर केलं होतं. म्हणून गावातले बाबांना चिडवायचे, "दसाराम, तुझा जातभाई आला पाहा तलावात." बाबा हसून म्हणायचे, "चांगला बाप हाये तो." एवढंच.

पाखरं आली तसे शहरातले लोक यायला लागले. वनखात्याने एका डोंग्याला परवानगी दिली, बाबांच्या नावाने. अट एकच: कोपऱ्यात शिरायचं नाही.

त्या दिवशी खेमू परतला तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. मी अंगणात तांदूळ निवडत होते. तो मागच्या बाजूने आला, एक हात पाठीमागे लपवून.

"डोळे मीट, बाई."

मी मिटले. मांडीवर काहीतरी गार, ओलं पडलं. कमळं होती. लांब लांब देठांची, नुकतीच मिटू लागलेली, ओंजळीत न मावणारी.

"कुठून आणली रे?"

"वाहत आली होती. तुझ्यासाठी घेतली."

मला कोणी कधी फूल आणून दिलं नव्हतं. जर्मनच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी घेऊन मी ती चुलीजवळच्या फळीवर ठेवली, दाराच्या समोर. बाबांना गोळी दिली होती, त्यांचा डोळा लागला होता. मला सुगरताकाकूच्या जगनची आठवण झाली. पोळा झाला की आमच्या सोयरिकीची बोलणी करायची असं काकूनं बाबांना सांगून ठेवलं होतं. लग्नाचा मांडव, मांडवात ही फुलं, असलं काहीतरी मी मनात रचत बसले होते.

खेमू जेवला नाही. भूक नाही म्हणाला आणि अंगणातल्या भिंतीला टेकून बसला.

दुपारी माणसं आली. पुढे उरकुडाजी, मागे सोसायटीचे चार-पाच जण, त्यांच्या मागे बाया. धुणं धुवायला गेलेल्या बायांना बांधाला लागलेली फाटकी पानं दिसली होती, देठांसकट, ढीगभर. मग उरकुडाजी स्वतः डोंगा घेऊन कोपऱ्यात जाऊन आले होते.

"दसाराम, बाहेर ये."

बाबा खाटेवरून उठले. मी हात द्यायला गेले, त्यांनी घेतला नाही. गोधडी खांद्यावर घेऊन दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

"कोपऱ्यात कोणाचा डोंगा गेला होता?" उरकुडाजींनी विचारलं. "घरटं गेलं. चारी अंडी गेली. आजूबाजूचं पान अन् पान उपटलं हाये, पाणी उघडं पडलं हाये. पाखरू वरून चिरकत फिरून राहिलं. डोंगा गावात एकच जाते तिकडं. तुझा."

बाबांची नजर अंगणात फिरली, भिंतीपाशी उभ्या राहिलेल्या खेमूवर थांबली. खेमूने टोपी काढून हातात घेतली होती, तिची कड तो बोटांनी दुमडत होता. मग बाबांनी मागे वळून घरात पाहिलं आणि त्यांना फळीवरचा गंज दिसला.

तेव्हाच मलाही कळलं.

"मीच नेलं साहेबाले," बाबा म्हणाले.

"तू? तू तर तापात होता म्हणे."

"सकाळी उतरला होता."

"बाबा!" मी म्हटलं.

"देवका, आत जा."

"पण बाबा, तुम्ही तर…"

"आत जा म्हटलं ना!" असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मी आत गेले नाही, पण पुढे बोललेही नाही. मी खेमूकडे बघत राहिले. वाटलं, आता बोलेल. या क्षणाला बोलेल. तो जमिनीकडे बघत होता.

सुगरताकाकू पायरी चढून सरळ घरात आली. गंजातली कमळं उचलून तिने बाहेर आणली आणि बाबांच्या पायाशी टाकली.

"चार साल आमी तिथं फावडं नाही मारलं," ती म्हणाली. ती ओरडत नव्हती. "कांद्यासाठी पोरं रडली तरी नाही मारलं. कोणाच्या शब्दावर? तुझ्या. मी उठली होती सभेत तुझ्यासाठी. साहेबानं काय दिलं तुले, दसाराम? चार नोटा?"

बाबा मान खाली घालून ऐकत होते. काकू जाताना माझ्यासमोर क्षणभर थांबली. तिला काही म्हणायचं होतं बहुतेक. मग बायांच्या मागे निघून गेली.

सगळे गेल्यावर बाबा पुन्हा खाटेवर बसले. ताप परत चढत होता.

"सांग," ते खेमूला म्हणाले.

खेमूने सांगितलं. आधी दुरूनच बघत होते. पण दाटीने पानं वर उचलली गेल्यामुळे पाखराचं तोंड दिसत नव्हतं. साहेब म्हणाले, थोडं जवळ. मग म्हणाले, हे एवढं एक पान बाजूला कर. मग आणखी एक. खेमूने पानं उपटली. पाखरू उठून गेलं तरी साहेब म्हणाले, येईल परत, तोवर हेही काढ. मोकळं झालं तेव्हा डोंग्याचीच लाट घरट्याला लागली आणि दोन अंडी घसरून पाण्यात गेली.

"आन दोन?"

"घार आली."

"साहेब काय म्हणाले?"

"अरेरे म्हणाले." खेमू थांबला. "मग त्याईनं घारीचा फोटो काढला."

बाबांनी डोळे मिटले. ती अंडी मी एकदाच पाहिली होती, बाबांनीच दुरून दाखवली होती. तपकिरी, तेल लावल्यासारखी चकचकीत, भोवऱ्याच्या घाटाची.

"साहेब कुठं हायेत?"

"गेले जीपनं."

"बरं," बाबा म्हणाले. "कोणाले काही बोलू नको आता. खात्यानं गाईडसाठी तुझं नाव घेतलं हाये. हे कळलं तर तुले कुठंच उभं करणार नाहीत. माझं काय? मी म्हणलं, मी नेलं. झालं."

"आणि माझं?" मी विचारलं.

बाबांना आधी कळलंच नाही. मग कळलं.

"सुगरता समजदार हाये," ते म्हणाले. "राग उतरला का येईन."

"मी सांगते तिला. आत्ता जाऊन सांगते."

"माझी आण हाये तुले. सांगाचं असन तर हाच सांगन. आज भ्यालेला हाये. एक दिवस आपल्या तोंडानं सांगन तो. त्याचं त्याले सांगू दे."

खेमू रडत होता. खोटं नव्हतं ते रडणं. त्याने बाबांचे पाय धरले, म्हणाला, "मी सांगीन बाबा, सांगीन." मी त्या दिवशी त्याच्यावर विश्वास ठेवला.

काकू आली नाही. पोळा झाला, दिवाळी झाली. जगनचं लग्न आमगावच्या मुलीशी झालं, मांडव आमच्या घरावरून दिसत होता. खात्याने बाबांची परवानगी काढून घेतली, सोसायटीने त्यांना तलावात जाळं टाकायला बंदी केली. ढिवराच्या घरी मासोळी विकत यायला लागली. बाबा राइस मिलमध्ये पोती उचलायला जाऊ लागले. मिलची वाट बांधावरून जवळची होती, पण ते शेतांमधून लांबून जायचे. गावात कोणी त्यांना शिवी दिली नाही. फक्त कोणी थांबून बोलायचं नाही. ते पारावर येऊन बसले की लोकांना घरची कामं आठवायची.

आणि डोंगा खेमूला मिळाला. प्रशिक्षण झालं, खात्याने हिरवा शर्ट दिला, छातीवर नावाचा बिल्ला. उरकुडाजी स्वतः म्हणाले, "बापाचं पाप पोरानं धुवाव." खेमूने हात जोडले. मी तिथे होते. बाबाही होते, गर्दीच्या मागे. तेव्हाही मला वाटलं, आता बोलेल.

दोन वर्षांनी मला वैनगंगेपल्याड दिलं. नवरा बिजवर, पहिलीची दोन मुलं. जवळपासच्या गावांत दसारामची पोरगी म्हटल्यावर कोणी पुढे येत नव्हतं. माणूस बरा निघाला, तक्रार नाही. पण माहेरी जायची मला ओढ राहिली नाही. गेले तर एखादा दिवस, बाबांना भेटायचं आणि परत.

माझी मुलगी रोहिणी तिसरीत असताना तिला घेऊन मी पावसाळ्यात गेले. बाबा खंगले होते. पोत्यांनी पाठ गेली होती, जुन्या घरात एकटेच राहायचे. खेमूने रस्त्यालगत स्लॅबचं घर बांधलं होतं. तो बाबांना डबा पाठवायचा, औषध आणायचा. लोक म्हणायचे, असा पोरगा पाहिजे.

"चल ना बाई," तो म्हणाला. "भाचीले तलाव दाखवतो. कमळं केवढी झाली पाहाशीन तर खरं."

रोहिणीने हट्ट धरला. मी गेले.

खरंच झाली होती. उगवतीचा कोपरा आता कोपरा राहिलाच नव्हता, अर्धा तलाव पांढरा होता. सकाळचं ऊन कोवळं होतं, फुलं अजून उघडी होती. पानांवरून एक कमळपक्षी चालत होता आणि त्याच्या पोटाखालून इवल्या पायांची पिल्लं डोकावत होती. डोंग्यात पुण्याचं एक कुटुंब होतं, नवरा, बायको आणि तिची आई. खेमूने बांबू रोवून डोंगा लांबच थांबवला आणि बोलायला लागला. आमची बोली नाही, साफ पुस्तकी भाषा.

"या पानांमुळे तलावाचं पाणी थंड राहतं. खाली माशांची पिल्लं वाढतात. वाऱ्याची लाट पानांमध्ये विरून जाते, म्हणून हे घरटं टिकतं. एक पान काढलं तरी घरट्याचा आडोसा जातो."

बाबांचंच बोलणं होतं ते. शब्द चांगले बसवले होते. ऐकताना मला बरंसुद्धा वाटलं. मग त्याने आवाज खाली आणला.

"एकदा इथे फार वाईट घडलं. आमच्या गावात एक म्हातारा नावाडी होता. लोभी माणूस. एका फोटोग्राफरकडून पैसे घेऊन त्यानं या घरट्याभोवतीची सगळी पानं उपटली. अंडी पाण्यात गेली. त्यानंतर दोन वर्षं हे पक्षी इथे आले नाहीत. म्हणून आम्ही सगळ्यांना विनंती करतो, हात पाण्यात घालू नका."

पुण्याच्या बाईंनी पाण्याजवळ नेलेला हात झटकन मागे घेतला. "काय हाव असते एकेकाला," त्यांची आई म्हणाली.

"मामा, कोण होता तो?" रोहिणीने विचारलं.

खेमूने बांबू उचलला. "होता एक. तू नाही ओळखत."

तो माझ्याकडे बघत नव्हता. टाळतही नव्हता. मी डोंग्यात आहे, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. इतक्या वेळा सांगितलेली गोष्ट होती ती, आपोआप तोंडातून येत होती.

काठावर पुण्याचे लोक उतरून गेले. रोहिणी शिंपले वेचायला धावली. मी त्याला म्हटलं, "खेमू, काय सांगितलंस हे?"

तो गोंधळला. मग त्याला उमगलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणी चोरी पकडली की व्हायच्या तशा.

"मी नाव थोडीच घेतो, बाई."

"म्हणजे काय झालं?"

"हे पाहा. ही गोष्ट सांगितली का लोक हात लावत नाहीत. नुसतं पाटी लावून कोणी ऐकत नाही. एवढी कमळं वाढली ती उगाच?" डोंग्याची दोरी खुंट्याला बांधत तो बोलत होता. गाठ नीट बसत नव्हती, पुन्हा सोडून बांधली. "आन बाबाच तर म्हणाले होते ना, मी नेलं म्हणून? साऱ्या गावानं ऐकलं. मी आता येगळं काय सांगू?"

"तू सांगीन म्हणाला होतास."

"पोट्टा होतो मी तवा," तो म्हणाला. मग बिल्ला सरळ केला आणि पुढच्या पाहुण्यांच्या जीपकडे निघाला.

घरी येईपर्यंत रस्ताभर मी ठरवत होते की बाबांना काही कळू द्यायचं नाही. पण मी पायरीवर पाय धूत असतानाच रोहिणी आत पळाली. बाबा खाटेवर बसले होते. कितीतरी वर्षांत त्यांनी तलाव पाहिला नव्हता. तिने हात पसरून सांगायला सुरुवात केली. कमळं किती, पाखरू केवढं, पिल्लं कशी पोटाखाली शिरतात. बाबा पुढे झुकून ऐकत होते. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी लग्नानंतर पाहिला नव्हता.

"किती पिल्लं होती?"

"तीन! नाही, चार. एक पानाखाली होतं. आणि आजोबा, मामानं गोष्टपण सांगितली."

"रोहिणी, इकडे ये," मी म्हटलं.

"थांब ना, आई. आजोबा, एक लोभी म्हातारा नावाडी होता. त्यानं पैसे घेतले आणि सगळी पानं उपटली. मग अंडी मेली. मामा सगळ्यांना सांगतो हे, म्हणजे कोणी तसं करत नाही."

मी दारात ओल्या पायांनी उभी राहिले. रोहिणीच्या केसांत गवताची एक काडी अडकली होती, ती बाबांनी काढली, बोटांत धरून बघत राहिले. ती बाहेर खेळायला गेली तेव्हा त्यांनी मान वर केली.

"सगळ्यांले सांगते तो?"

"हो, बाबा."

त्यांनी काडी खाली टाकली.

"म्हातारा कुठं होतो मी तवा?" ते म्हणाले. "एक केस पांढरा नव्हता माझा."